खंडेनवमीचा सर्व्हर

आमच्या कारखान्यात पावणं आलं की आधी पाणी, मग चहा, आणि चहा संपायच्या आत मालकांचा मोबाईल. त्या मोबाईलवर ते अख्खा कारखाना दाखवतात. कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, कुठल्या शेडमध्ये किती माल झाला, सगळं बोटावर. "हितं बसून कळतंय व्हय?" असं पावण्यांनी म्हटलं की मालकांचा चेहरा असा फुलतो की त्यांच्यावर चिडणं कुणालाही अवघड जावं. मला जमतं. गेली कित्येक वर्षं मी या कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग सांभाळते आहे आणि मालकांच्या या हौसेवर चिडणं हे माझ्या नोकरीतलंच एक काम आहे असं मी धरून चालते.

कारखाना कोल्हापूरच्या बाहेर, एमआयडीसीत. फाउंड्रीतून ओतीव लोखंडाचे ओबडधोबड भाग येतात, आम्ही ते मशीनवर कापून, भोकं पाडून, घासून गुळगुळीत करतो आणि पंप, ट्रॅक्टर बनवणाऱ्यांकडे पाठवतो. मशीन आता कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून चालतात. प्रत्येक भागाचा एक प्रोग्रॅम असतो, हत्यार कुठून शिरायचं, किती खोल जायचं, कुठं थांबायचं हे त्यात लिहिलेलं असतं. हे प्रोग्रॅम आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग म्हणजे कारखान्याचा जीव. तो कुठं ठेवायचा यावर एकदा मोठी बैठक झाली होती. बहुतेकांचं मत होतं की क्लाउडवर टाकावं, म्हणजे लांब कुठंतरी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. मालकांनी एका वाक्यात बैठक गुंडाळली. "दुसऱ्याच्या गोठ्यात आपली म्हस बांधायची न्हाय."

म्हणून आम्ही स्वतःचंच क्लाउड उभं केलं. खाजगी क्लाउड म्हणतात त्याला. नाव मोठं, पण बघायला गेलं तर ऑफिसच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात एकावर एक रचलेले सर्व्हर आणि त्यांना गार ठेवणारा एसी. खरी करामत आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची. ते त्या मोजक्या यंत्रांची अशी वाटणी करतं की प्रत्येक विभागाला वाटावं, आपल्याला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळालाय. आणि या सगळ्याचा कारभार एका पानावरून चालतो. त्या पानावर ज्याचा शिरकाव झाला तो त्या खोलीचा धनी. काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं, काय पुसून टाकायचं, सगळं त्याच्या हातात.

आपल्या गोठ्यात बांधली म्हणजे म्हस सुरक्षित, अशी मालकांची ठाम समजूत. गोठा आपला असला तरी दाराची कडी बाजारातून आणलेली असते आणि ती कच्ची निघू शकते, हे त्यांना सांगण्यात माझी निम्मी उमेद गेली.

इथं माझ्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठीच घडलं. दादाचं उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप होतं. छोटं, पण हाताला कामाची कमी नव्हती. एका सकाळी त्यानं शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर इंग्रजीत मजकूर. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, उघडून हवं असेल तर आमच्याशी पैशाचं बोला. वर्षानुवर्षं रचलेले प्रोग्रॅम एका रात्रीत गेले. त्यानं बोलणी केली नाहीत, पोलिसात जाऊन आला, आणि डोक्यातून आठवून आठवून पुन्हा लिहायला बसला. गिऱ्हाइकं तेवढं थांबली नाहीत. मशीन एकेक करून विकली गेली. शेवटी आमच्या मालकांनी स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला आमच्याकडे बोलावून घेतलं. हे मी विसरत नाही, म्हणून मालकांवर चिडते तीही हात राखून.

आमच्याकडे लागल्यावर दादानं मला एकच गोष्ट विचारली होती. दोन नंबरच्या शेडमध्ये, नव्या मशीनसमोर उभा राहून. "तायडे, हितं तसं न्हाय न्हवं व्हायाचं?"

"न्हाय," मी म्हणाले.

त्या एका शब्दावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आज कारखान्यातले निम्म्याहून अधिक प्रोग्रॅम त्याच्या हातचे आहेत आणि ते माझ्या त्या कपाटात आहेत. फक्त एक गोष्ट त्यानं सोडली ती सोडलीच. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. मशीन धुऊन पुसून हारफुलं घालतात आणि प्रत्येक कामगार आपापलं स्वतःचं हत्यार त्यासमोर मांडतो. कुणाचा पाना, कुणाची कानस, कुणाचं व्हर्निअर. दादाकडे त्याच्या वर्कशॉपमधला, केसाएवढी जाडी मोजायचा एक मायक्रोमीटर उरलाय. तो रोज वापरतो, पण पूजेला कधी मांडत नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "माझी पूजा उद्यमनगरातच झाली." पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नवरात्र सुरू व्हायच्या सुमारास ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा मेल आला. असे मेल अधूनमधून येतात, सॉफ्टवेअरमध्ये काही कच्चं राहिलेलं सापडलं की ते कळवतात आणि त्यावर ठिगळ पाठवतात. हा मेल साधा नव्हता. कारभाराच्या पानातच भोक सापडलं होतं. ज्याला ते पान नुसतं दिसतं, त्याला पासवर्ड न देता आत शिरता येत होतं आणि स्वतःला धनी म्हणून नेमता येत होतं. जगात काही ठिकाणी चोरांनी त्याचा वापर सुरूही केलाय, असंही खाली लिहिलं होतं.

आणि आमचं पान बाहेरच्या जगाला दिसत होतं. का, तर मालकांना कुठूनही, मोबाईलवर त्याच वाटेनं पावण्यांना कारखाना दाखवायचा असतो.

मी त्या मिनिटाला बाहेरची वाट बंद केली. आता ते पान फक्त कारखान्याच्या आत दिसणार होतं. पण तेवढ्यानं भागत नाही. आतल्या एखाद्या कॉम्प्युटरवर कुणी चुकीच्या मेलवर बोट ठेवलं की चोर आतूनच येतो. ठिगळ लावायलाच हवं होतं, आणि त्यासाठी सगळं बंद करून पुन्हा उठवायचं होतं. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दसऱ्याआधी माल गेला पायजे. मशीन थांबणार न्हाईत. दसऱ्यानंतर कर काय ते." मी वाद घातला. त्यांनी दुसरा फोन उचलला.

मग आली मुरगूडची सुपारी. मालकांच्या पुतणीचा साखरपुडा रविवारी मुरगुडात होता. सोयरे नवीन, त्यांच्यात शेतीवाले, व्यापारी, दोघंतिघं इंजिनियर. जेवणं झाल्यावर मालकांनी सवयीनं मोबाईल काढला आणि कारखाना काही उघडेना. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. मला फोन केला असता तर मी ठाम नाही म्हणाले असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आम्हाला इंटरनेट बसवून देणाऱ्या माणसाला फोन लावला. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं घरी बसून बाहेरची वाट पुन्हा उघडून दिली. सोयऱ्यांनी कारखाना बघितला, वाहवा झाली, मालक खुशीत घरी आले. सोमवारी आमची साप्ताहिक सुट्टी. मला कळलं ते मंगळवारी सकाळी.

मी वाट बंद केली आणि तशीच मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार ढकललं तेव्हा चहाचा कप त्यांच्या ओठाशी होता.

"मालक, मी बंद केलेलं कुणाला इचारून उघडलं?"

"मुरगुडात सोयऱ्यांच्या म्होरं माझी शोभा झाली असती की." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि काय झालं मॅडम? कोण आलं? हाय की सगळं जाग्यावर."

रागात असले की ते मला मॅडम म्हणतात, मायेत असले की पोरी. त्या दिवशी मी दोन्हीला भीक घालणार नव्हते.

"जाग्यावर हाय की न्हाय हे मला चालत्या कामात सांगता येत न्हाय. वरवर चाळून बघितलं, काय दिसलं न्हाय. नीट बघायला सगळं थांबवायला पायजे. एक दिवस द्या."

"खंडेनवमी परवावर आली. त्याआधी माल जायाचा हाय. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा न्हाय. तुला ठाऊक हाय की."

ठाऊक होतं. त्यांनी एका लेथवर कारखाना सुरू केला तेव्हापासून हा नेम मोडलेला नाही. पूजेला बसलेलं हत्यार विश्रांतीला असतं, आणि माझे सर्व्हरही पूजेला बसतात. त्याआधी काम आहे म्हणून हात लावायचा नाही आणि त्यानंतर पूजा आहे म्हणून लावायचा नाही, अशी माझी दोन्हीकडून कोंडी झाली होती. मी सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"मग ही तुमच्याकडं ठेवा. दादाला मी शब्द दिलाय. तो मोडला तर त्याला तुम्हीच सांगा जाऊन."

मालकांनी किल्ली उचलली नाही.

मग मला सुचलं, आणि इतका वेळ का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. "मालक, पूजेआधी काय करतात? मशीन बंद करतात, रॉकेलनं धुतात, गंज काढतात. घाण हत्यार कुणी पूजेला मांडत न्हाय. माझ्या हत्याराला गंज चढलाय. नवमीच्या सकाळी तुमची पोरं मशीन धुतील, तवा मी माझं धुते."

मालकांनी किल्ली बोटानं माझ्याकडे सरकवली. "दुपारच्या पूजेपर्यंत. त्याम्होरं एक मिनिट न्हाय."

नवमीच्या सकाळी कारखान्यात शेवटचं मशीन थांबलं तेव्हा एकदम कानात दडे बसल्यासारखं झालं. एरवी आवाजाची इतकी सवय असते. थोड्या वेळानं शेडमधून बादल्यांचे आवाज, पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज आणि कोल्हापुरी चेष्टामस्करी सुरू झाली. झेंडूची पोती आली. दादा त्याचं मशीन पुसत होता, मी जाताना त्यानं नुसती मान हलवली.

मी आतल्या खोलीत सगळ्या विभागांचे कॉम्प्युटर एकामागून एक बंद केले. मग ठिगळ लावायच्या आधी कारभाराच्या पानावर कुणाकुणाला मुभा आहे ते एकेक करून तपासायला बसले. हे माझं खातं, हे मदतनिसाचं, हे सॉफ्टवेअरनं स्वतःसाठी काढलेलं. आणि आणखी एक, सॉफ्टवेअरनंच दिल्यासारख्या साध्या नावाचं, नजर सहज पुढं जाईल असं. त्याच्यावर धनीपणाचे सगळे अधिकार होते. ते काढलं होतं सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी.

मी नेटानं पुढं बघायला लागले, कारण आत शिरलेला माणूस नुसता फेरफटका मारून जात नाही.

रोज आमच्या सगळ्या फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरते आणि उतरली की मला निरोप येतो. निरोप रोज येत होता. पण त्या माणसानं प्रत काढायच्या फायलींमधून आमचं सगळं काढून टाकलं होतं आणि एक रिकामा कॉम्प्युटर तेवढा ठेवला होता. म्हणजे सोमवारपासून इमानेइतबारे हवेची प्रत निघत होती आणि मला निरोप मिळत होता की काम फत्ते. आणि सगळ्यात खाली त्यानं एक काम वेळ लावून ठेवलं होतं. ते आपोआप सुरू होऊन सगळ्या फायलींना कुलूप घालणार होतं. वेळ होती त्याच दिवशीची, संध्याकाळची. पूजा झालेली, कारखाना रिकामा, आणि दसऱ्यापर्यंत हत्याराला हात न लावायचा नेम. त्याला आमचा नेम ठाऊक असण्याचं कारण नाही, त्यानं फक्त सुट्टीचा मोका साधला होता. पण आमच्या नेमानं त्याचं काम अगदी सोपं करून दिलं असतं.

मी मालकांना बोलावून घेतलं. ते सोवळं नेसून आले होते, कपाळाला गंध. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बोट ठेवून एकेक दाखवलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, तारीख आणि वेळ वाचता येते. तेवढी पुरली.

"माझ्यामुळं," ते म्हणाले.

"व्हय. तुमच्यामुळं." गोड बोलून वेळ घालवायला मला सवड नव्हती. "आता नुसतं ठिगळ लावून भागायचं न्हाय. चोरानं आणि कुठं काय पेरलंय ठाऊक न्हाय. हे पानच काढून टाकून नवं बसवणार. सगळे पासवर्ड बदलणार. पूजेची वेळ टळंल."

"टळू दे की."

त्यांनी कमरेला खोचलेला मोबाईल काढला, ज्यावर ते कारखाना दाखवत ते चित्र बोटानं दाबून धरलं आणि पुसून टाकलं. मला न विचारता. मग दारापर्यंत गेले आणि मागं वळले. "पोरी, घाई करू नगं."

मी घाई केली नाही. आधी ते वेळ लावलेलं काम मारलं. मग चोरानं कुठं काय केलं याची नोंद वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली, पोलिसांना दाखवायला. मग जुनं पान मुळासकट उखडून नवं बसवलं, ठिगळासकट. प्रत्येक सर्व्हरमध्ये शिरून परका कुणी उरलाय का ते बघितलं. माझ्या टेबलाच्या खणात, कुठल्याच तारेला न जोडलेली एक डिस्क असते, तिच्यावर सोमवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी काढलेली प्रत होती. ती काढून फायली ताडून बघितल्या. सगळ्या धड होत्या. त्यानं अजून कशालाच हात लावला नव्हता, तो संध्याकाळची वाट बघत होता.

बाहेर पूजेची वेळ टळली. शेडमधल्या मशीनची पूजा मालकांनी उरकून घ्यायला सांगितलं होतं, पण आरती थांबवून धरली होती. अधूनमधून कुणीतरी दारात येऊन बघून जायचं. एकदा चहा आला, एकदा केळं. प्रसादाच्या शिऱ्याचा वास येत होता आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. कुणी कुरकुर केल्याचं मला कळलं नाही. मालक पायरीवर बसून होते, आणि ते बसलेत म्हटल्यावर कोण कुरकुरणार.

शेवटी एकेक विभाग पुन्हा उठवला. दोन नंबरच्या शेडचा कॉम्प्युटर उठला, मी दादाच्या प्रोग्रॅमचा कप्पा उघडला. सगळे होते. त्यानं दिलेल्या नावांनी, त्याच्या पद्धतीनं, भागाच्या नंबरापुढं गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव. मी ते खालपर्यंत वाचत गेले. त्याची गरज नव्हती, पण मला ते वाचायचे होते. मग मी रडले, थोडंसंच, आणि ओढणीला डोळे पुसून दार उघडलं.

दारात दादाच उभा होता. कधीपासून ते माहीत नाही. मालकांनी त्याला काही सांगितलं होतं का, हेही मी विचारलं नाही.

"झालं?"

"झालं."

"आत कोण होतं व्हय?"

त्याला खोटं सांगणं सोपं होतं. सणाचा दिवस होता, सगळे वाट बघत होते. पण त्याच्या वर्कशॉपच्या वेळी सगळ्यांनी त्याला 'होईल ठीक' असंच सांगितलं होतं, आणि ते काही ठीक झालं नाही.

"होतं," मी म्हणाले. "सोमवारपासनं. आज सांजच्याला कुलूप घालणार होतं. काढलं मी त्याला. तुझं सगळं जाग्यावर हाय, बघितलं मी एकेक."

त्याचा चेहरा क्षणभर त्या जुन्या सकाळच्यासारखा झाला. मग त्यानं मान हलवली आणि शेडकडं निघून गेला. मला वाटलं, चुकलंच, आजच्या दिवशी सांगायला नको होतं.

मालकांनी सर्व्हरची पूजा स्वतः केली. कपाटाला हळदकुंकू, झेंडूचा हार, खाली पाटावर नारळ. पाण्याचा थेंब कुठं उडू नये म्हणून मी हात आडवा धरून उभी होते, त्यावरून सगळे मला हसत होते. माणसं दाटीवाटीनं दारात उभी होती. आरती सुरू होणार एवढ्यात मागून कुणीतरी वाट मागितली.

दादा आत आला. हातात त्याची रोजची डब्याची पिशवी होती. त्यानं त्यातून मायक्रोमीटर काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि पाटावर नारळाशेजारी ठेवला. नीट बसला नाही म्हणून पुन्हा उचलला, फिरवून ठेवला. मालकांनी कुंकवाची वाटी त्याच्यापुढं केली.

"लाव की," मालक म्हणाले.

दादानं बोट कुंकवात बुडवलं. मायक्रोमीटरला लावलं, मग कपाटाला, आणि उरलेलं माझ्या कपाळाला.